शरीराला लग्नाचं काय कळतं?

प्रश्न : माझी भाची २२ वर्षांची आहे. पुण्यात राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. तीन महिने पाळी आली नाही म्हणून ती मैत्रिणीला घेऊन एका दवाखान्यात गेली. खुर्चीत नीट बसायच्या आत डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "लग्न झालंय का?" ती "नाही" म्हणाली. मग फारशी चौकशी न करता "अभ्यासाचा ताण आहे, वजन कमी कर, लग्न झालं की होईल सगळं सुरळीत" एवढं सांगून तिला परत पाठवलं. घरी आल्यावर तिनं मला विचारलं, "मावशी, पाळीचा आणि लग्नाचा काय संबंध?" मला काही सांगता आलं नाही. या प्रश्नामागे खरंच वैद्यकीय कारण असतं, की नुसतीच चौकशी? (एक वाचक, कराड)

उत्तर : कारण असतं, आणि ते चांगलं भक्कम असतं. पण त्यासाठी विचारायचा प्रश्न हा नव्हे.

पाळी चुकलेली तरुणी समोर आली की तिला दिवस गेलेत का, हे डॉक्टरांना सर्वांत आधी पाहावं लागतं. ओटीपोटात दुखणं, अंगावरून पांढरं जाणं, पाळी नसताना मध्येच रक्त दिसणं, यातल्या कुठल्याही तक्रारीत शरीरसंबंध आलेले आहेत की नाहीत यावर पुढच्या तपासण्या बदलतात. संबंध आले नसतील तर सोनोग्राफी पोटावरून करतात. भरपूर पाणी पाजून, लघवी तुंबवून बाकावर बसवतात, तीच. आले असतील तर आतून केलेल्या सोनोग्राफीत अंडाशय अधिक स्पष्ट दिसतं. म्हणजे डॉक्टरांना माहिती हवी असते शरीरसंबंधांची आणि विचारलं जातं लग्नाबद्दल. आपल्याकडे तसं विचारणं सभ्यपणाचं समजतात. विचारणाऱ्याचाही संकोच वाचतो आणि ऐकणारीचाही.

या सभ्यपणात फसगत मात्र होते. "नाही" म्हणणाऱ्या मुलीची लघवीची साधी चाचणीसुद्धा राहून जाते. गर्भ गर्भाशयाऐवजी गर्भनलिकेत राहिला असेल, तर नळी फुटेपर्यंत कुणाला शंकाही येत नाही, आणि मग जिवावर बेततं. "हो" म्हणणारीची गत वेगळी. तिच्या प्रत्येक तक्रारीत 'गोड बातमी' शोधली जाते आणि तिला मूल आत्ता हवंय का, हे विचारायचं राहून जातं. खरं विचारायला हवं ते असं : "शरीरसंबंध आले आहेत का? औषधपाण्यासाठी विचारतेय, इथलं इथेच राहील." आणि हे विचारताना बरोबर आलेल्या माणसाला बाहेर बसवायचं, मग ती आई असो की मैत्रीण. काम दोन वाक्यांचं आहे. पण ज्या ओपीडीत एका टेबलाशी चार पेशंट उभे असतात आणि पाचवी डोकावत असते, तिथे खरं उत्तर मिळणार कसं?

आता "लग्न झालं की सुरळीत होईल" या सल्ल्याबद्दल. काहीजणींच्या पाळीतल्या कळा बाळंतपणानंतर कमी होतात, हे खरं आहे. एंडोमेट्रिओसिस नावाच्या आजाराची लक्षणंही गरोदरपणात बहुधा दबतात. एवढ्या भांडवलावर लग्नाला औषध ठरवून टाकलं गेलं. पाळी अनियमित असण्याचं तरुण मुलींमधलं एक नेहमीचं कारण म्हणजे पीसीओएस. अक्षता पडल्या म्हणून तो जात नाही. त्यात अंडं वेळेवर सुटत नाही. महिनोन् महिने पाळी आली नाही तर गर्भाशयाचं आतलं अस्तर जाड होत जातं, आणि पीसीओएसमुळे पुढच्या आयुष्यात मधुमेहाची शक्यताही वाढते. वजन कमी करण्याचा सल्ला चुकीचा नाही, अपुरा आहे. बारीक मुलींनाही पीसीओएस होतो. तुमच्या भाचीला गरोदरपणाची चाचणी, थायरॉइड, प्रोलॅक्टिन आणि सोनोग्राफी एवढं तरी सांगायला हवं होतं. दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा, उशीर करू नका.

त्या डॉक्टरीणबाईंनाच दोष देऊन मोकळं होता येत नाही. आपली अख्खी आरोग्य यंत्रणाच लग्नाच्या दारातून आत शिरलेली आहे. १९५२ मध्ये भारतानं सरकारी कुटुंबनियोजन कार्यक्रम सुरू केला, जगात सर्वांत आधी. त्या कार्यक्रमाचा हिशेब जोडप्यांवर चालतो. उपकेंद्रातली परिचारिका आजही पात्र जोडप्यांची नोंद ठेवते आणि पात्र ठरायला आधी नवरा असावा लागतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पहिल्या दोन फेऱ्यांत, १९९२-९३ आणि १९९८-९९ मध्ये, फक्त विवाहित किंवा कधीकाळी विवाह झालेल्या स्त्रियांनाच प्रश्न विचारले गेले. अविवाहित स्त्री त्या पाहणीत आली ती २००५-०६ च्या तिसऱ्या फेरीत. त्याआधी सरकारी पाहणीच्या लेखी तिला गर्भाशयच नव्हतं म्हणा ना! २०१४ मध्ये राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम आला. महाराष्ट्रात त्याची केंद्रं 'मैत्री' क्लिनिक या नावानं सरकारी रुग्णालयांत चालतात. तिथे समुपदेशक असतात आणि मुली जाऊन बोलू शकतात. सोय चांगली आहे, पण वयाची अट १० ते १९. म्हणजे विशीतली, शिकणारी किंवा नोकरी करणारी, लग्न न झालेली मुलगी किशोरींतही बसत नाही आणि जोडप्यांतही नाही. तुमची भाची नेमकी त्या फटीत आहे.

गावात अडचण आणखी वेगळी. तिथे आरोग्याचा पहिला माणूस म्हणजे आशाताई. ती त्याच गावची सून असते. कुणाची चुलती, कुणाची जाऊ. गरोदर बाईला घरचं माणूस भेटल्यासारखं वाटतं, आणि आशाताईंनी बाळंतपणं दवाखान्यात नेऊन जे काम केलंय त्याला तोड नाही. पण लग्न न झालेल्या मुलीनं तिच्याकडे निरोधचं पाकीट मागायचं? संध्याकाळपर्यंत ते वाड्यावस्तीवर झालं तर? आशाताईनं कुणाला सांगितलं नाही तरी मुलीच्या मनातली धास्ती जात नाही. मग ती तालुक्याला जाते, तिथेही ओळखीचं कुणी भेटेल म्हणून जिल्ह्याला जाते. त्यासाठी एसटीचं भाडं लागतं आणि घरी सांगायला एक सबब लागते. ज्या मुलीकडे यातलं काही नाही, ती अंगावर काढते.

अंगावर काढणं किती जुनं आहे, हे डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीत दाखवून दिलं. तिथल्या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची त्यांनी तपासणी केली आणि जानेवारी १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष छापून आले. ९२ टक्के स्त्रियांना कुठला ना कुठला स्त्रीरोगाचा त्रास होता आणि आधी कधी त्यासाठी तपासणी झालेल्या होत्या अवघ्या ८ टक्के. तोपर्यंत ग्रामीण स्त्रीचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि नसबंदी, असंच धरलेलं होतं. बंगांनी लग्न न झालेल्या मुलींनाही तपासणीत घेतलं, हे त्या काळात धाडसाचंच होतं. पुढे राणीताईंनी तरुण मुलामुलींसाठी 'तारुण्यभान' शिबिरं सुरू केली ती याच अनुभवातून.

आणखी एक गोष्ट या प्रश्नाला चिकटलेली आहे, ती म्हणजे 'पडदा'. अविवाहित मुलीला आतून तपासायला डॉक्टर कचरतात त्यामागे तिच्या वेदनेचा विचार असतोच, पण "उद्या घरच्यांनी विचारलं तर" ही भीतीही असते. योनिपटलावरून कौमार्य ठरत नाही. ते जन्मतःच प्रत्येकीचं वेगळं असतं. तरीही कौमार्याची 'लक्षणं' वैद्यकीय पुस्तकांत कालपरवापर्यंत शिकवली जात होती. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठानं २०१९ मध्ये हा भाग अभ्यासक्रमातून काढला, तो सेवाग्रामच्या डॉ. इंद्रजित खांडेकरांनी पाठपुरावा केल्यामुळे. बलात्कार पीडितांवरची 'टू फिंगर' तपासणी सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२२ मध्ये पुन्हा एकदा खडसावून बंद करायला सांगितली. पुन्हा एकदा म्हणायचं, कारण आधी सांगूनही ती चालूच होती.

---

प्रश्न : तुम्ही मांडता ते प्रश्न पुण्या-मुंबईतल्या मुलींचे वाटतात. आमच्याकडे मुली अठराव्या वर्षाच्या आतच उजवतात. मग अविवाहित तरुणींचं आरोग्य हा विषय आमच्याकडे उरतोच कुठे? (एक शिक्षक, बीड जिल्हा)

उत्तर : गुरुजी, तुमच्या वाक्यातच त्याचं उत्तर आहे. तुमच्याकडे मुली लवकर उजवतात, त्याचं एक मोठं कारण त्या अविवाहित असतात तेव्हाची भीती हेच आहे.

२०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी जवळपास २२ टक्के स्त्रियांचं लग्न अठरा पूर्ण होण्याआधी झालेलं आढळलं. परभणी जिल्ह्यात हे प्रमाण ४८ टक्के आणि बीडमध्ये ४४ च्या आसपास होतं. याला मागासलेपणा म्हणून नावं ठेवणं सोपं आहे. पण दसऱ्या-दिवाळीनंतर जी कुटुंबं ऊसतोडीला जातात त्यांच्या घरातून पाहा. पाच-सहा महिने आईबाप साखरपट्ट्यात. पंधरा वर्षांच्या मुलीला बरोबर न्यायचं तर फडावरच्या कोपीला दार नाही, शौचाला आडोसा नाही. मागे ठेवायचं तर म्हातारी आजी, आणि शाळेच्या वाटेवर टोळकी. "जोखीम आहे हो घरात," असं आई म्हणते तेव्हा तिचं खोटं नसतं. वसतिगृह असेल आणि ते सुरक्षित आहे असा भरवसा असेल तर बरीच कुटुंबं मुलीला शिकवतात. तो भरवसा नसतो.

त्यात मजुरीचं गणित भर घालतं. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकट्या पोराला 'अर्धा कोयता' म्हणतात. मुलाचं लग्न झालं की घरात उचल पूर्ण येते. सोळा वर्षांची मुलगी अशा रीतीनं सून होण्याबरोबरच दुसऱ्या घरच्या कोयत्याचा अर्धा भाग होते.

पुढचं तुम्ही वर्गातल्या माजी विद्यार्थिनींच्या चेहऱ्यांवरून ओळखत असाल. सतराव्या-अठराव्या वर्षी पहिलं बाळ, विशीत दुसरं-तिसरं, मग लगेच नसबंदी. बाळंतपणानंतर विसावा नाही, फडात पाणी नाही. पाळीत कामावर गेलं नाही तर खाडा, म्हणजे उलट पैसे कापले जाणार. पांढरं जाणं, पोट दुखणं सुरू होतं आणि कुणीतरी डॉक्टर "पिशवी काढून टाका" म्हणतो. २०१९ मध्ये हा विषय गाजला तेव्हा बीड जिल्ह्यात सरकारनं केलेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ महिलांचं गर्भाशय काढलेलं आढळलं. त्या सगळ्या विवाहित, हे खरं. पण ही साखळी सुरू होते ती मुलगी अविवाहित असतानाच, सहावी-सातवीत तिला न्हाण येतं त्या दिवसापासून. तिची शाळा सुटते ती बहुधा तेव्हाच.

म्हणून तुमच्याकडचा अविवाहित काळ लहान आहे, विषय लहान नाही. त्या तीन-चार वर्षांत मुलीला रक्तवाढीच्या गोळ्या मिळतात का, पाळीबद्दल कुणी नीट सांगतं का, आणि ती दहावीच्या बाकावर बसलेली राहते का, यावर तिची पुढची वीस वर्षं ठरतात. राज्यातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. त्याचा पाया याच वयात पडतो. यात डॉक्टरांपेक्षा तुमच्या हातात जास्त आहे.

---

प्रश्न : लग्न न झालेल्या मुलीला गर्भपात करून घेता येतो का? आईवडिलांची सही लागते असं सगळे म्हणतात. (नाव लिहिलेलं नाही, शिक्का ठाण्याचा)

उत्तर : येतो. वय अठरा पूर्ण असेल तर सही फक्त तिचीच. आईवडिलांची नको, जोडीदाराची नको, नवरा असेल तर त्याचीही नको.

१९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्यात 'गर्भनिरोधक निकामी ठरलं' हे कारण फक्त विवाहित स्त्री आणि तिच्या पतीपुरतं होतं. २०२१ च्या दुरुस्तीनं तिथे 'कोणतीही स्त्री किंवा तिचा जोडीदार' असं आणलं. त्याच दुरुस्तीनुसार २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचं मत पुरतं. २० ते २४ आठवड्यांसाठी दोन डॉक्टर लागतात, आणि ती मुदत ठरावीक परिस्थितीतल्या स्त्रियांनाच आहे. त्या यादीत अविवाहित स्त्री बसते की नाही, यावर २०२२ मध्ये वाद झाला. दिल्लीतल्या २५ वर्षांच्या एका तरुणीला सोबत्यानं ऐन वेळी लग्नाला नकार दिला होता. उच्च न्यायालयानं तिला गर्भपाताची परवानगी नाकारली, सर्वोच्च न्यायालयानं दिली. २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात न्या. चंद्रचूड, न्या. बोपण्णा आणि न्या. पारडीवाला यांनी म्हटलं की या मुदतीबाबत विवाहित आणि अविवाहित असा भेद करणं घटनेला धरून नाही.

कायद्यात गुप्ततेचंही कलम आहे. गर्भपात करून घेणाऱ्या स्त्रीचं नाव डॉक्टरनं कायद्यानं अधिकार दिलेल्या व्यक्तीशिवाय कुणाला सांगितलं तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. "तुझ्या घरी फोन करते" ही धमकी म्हणूनच बेकायदा आहे. हे वाक्य मुद्दाम पाठ करून ठेवावं असं आहे.

अठराच्या आतल्या मुलीचं निराळं. तिथे पालकाची संमती लागते, आणि २०१२ च्या पोक्सो कायद्यामुळे डॉक्टरला पोलिसांना कळवणं भाग असतं. संबंध मुलीच्या मर्जीनं आले असले तरी. हेतू मुलींच्या रक्षणाचा आहे आणि लहान मुलींवरच्या अत्याचारात तो कायदा हवाच. पण सतरा वर्षांची मुलगी आणि तिचा एकोणीस वर्षांचा मित्र अशा प्रकरणात होतं काय, तर पोलिसांच्या नावानं मुलगी दवाखान्याची पायरीच चढत नाही. २०२२ च्या त्याच निकालात न्यायालयानं वाट काढली : मुलीनं आणि पालकांनी विनंती केली तर डॉक्टरनं पोलिसांना कळवताना तिचं नाव-गाव द्यायची गरज नाही. ही सवलत किती डॉक्टर सांगतात? विचारून पाहा.

कायदा एवढा मोकळा असूनही मुली उशिरा का येतात? आधी महिनाभर "येईल पाळी" म्हणून वाट पाहण्यात जातो, मग पैसे जमवण्यात, मग ओळख निघणार नाही असा दवाखाना शोधण्यात. तोवर तीन महिने उलटलेले असतात, आणि गोळ्यांनी होण्यासारखं काम शस्त्रक्रियेवर जातं. डॉक्टरच्या चिठ्ठीवर नऊ आठवड्यांपर्यंत गोळ्या घेता येतात, पण महाराष्ट्रात बहुतेक औषध दुकानदार त्या ठेवतच नाहीत. २०१२ च्या सुमाराला स्त्रीभ्रूणहत्येविरुद्ध मोहीम निघाली, तेव्हा या गोळ्यांच्या विक्रीवर औषध प्रशासनाची करडी नजर वळली आणि दुकानदारांनी नको ती झंझट म्हणून माल ठेवणं सोडलं. गंमत अशी की नऊ आठवड्यांत सोनोग्राफीवर मुलगा-मुलगी कळतही नाही. शिक्षा झाली ती भलत्याच बायकांना. 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये आलेल्या अभ्यासानुसार २०१५ मध्ये देशात सुमारे १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले आणि त्यातले जवळजवळ तीन चतुर्थांश दवाखान्याबाहेर, गोळ्या घेऊन. गोळी वाईट नाही. ती कुणी, किती, केव्हा घ्यायची हे सांगणारं माणूस जवळ नसणं वाईट.

---

प्रश्न : ७२ तासांच्या आत घ्यायची गोळी माझ्या रूममेट वरचेवर घेतात. हे धोक्याचं आहे का? (विद्यार्थिनी, नागपूर)

उत्तर : जिवाला धोका नाही. लेव्होनॉर्जेस्ट्रेलची ही दीड मिलिग्रॅमची गोळी २००५ पासून चिठ्ठीशिवाय मिळते. पण ती अडीअडचणीची आहे. जितक्या लवकर घ्याल तितकी बरी. घेतल्यानंतर पुन्हा संबंध आले तर तिचा उपयोग नाही, आधीच राहिलेला गर्भ तिनं पडत नाही, आणि एड्स किंवा इतर लागण तिनं टळत नाही. वरचेवर घेतली की पाळीचं वेळापत्रक मात्र बिघडतं.

तरी मुली हीच का घेतात, ते त्यांना विचारा. रोजच्या गोळ्यांचं पाकीट कपाटात राहतं आणि रेक्टर कपाट तपासते. निरोध वापरायचा की नाही हे मुलगा ठरवतो, आणि तो मुलीनं आणला तर "तुला बरं माहीत!" असं ऐकावं लागतं. ही गोळी एकदा घेतली, वेष्टण फेकलं, संपलं. माग राहत नाही म्हणून ती चालते. वसतिगृहांबद्दल तर बोलायलाच नको. सुट्टीवरून परतलेल्या मुलींना गरोदरपणाची चाचणी करून यायला लावल्याच्या तक्रारी आपल्याच राज्यातल्या आदिवासी वसतिगृहांतून आल्या आहेत. चाचणीची पट्टी मिळते, माहितीचं एक पानही मिळत नाही.

---

प्रश्न : शाळेत लैंगिक शिक्षण दिलं तर मुली बिघडतील, असं आमच्या संस्थेतल्या ज्येष्ठांचं म्हणणं आहे. तुम्हाला काय वाटतं? (एक मुख्याध्यापिका, रत्नागिरी)

उत्तर : ज्येष्ठांना सांगा की हा वाद त्यांच्याही आधीचा आहे. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केलं आणि मरेपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत, तोटा सोसून चालवलं. वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देण्यावरूनच १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांची बाजू कोर्टात मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. खटला हरले, दंड भरला, मासिक चालूच राहिलं. (या सदराला अजून तरी समन्स आलेलं नाही.)

त्यानंतर सत्तर-पंचाहत्तर वर्षांनी, २००७ मध्ये, शाळांसाठीच्या किशोरवयीन शिक्षण कार्यक्रमातल्या चित्रांवरून आपल्या विधिमंडळात गदारोळ झाला आणि महाराष्ट्रानं तो कार्यक्रम थांबवला. मुलांना माहिती मिळायची थांबली का? ती मोबाइलवर मिळू लागली, आणि तिथला गुरू कसा असतो ते तुम्हाला मी सांगायला नको. २००६-०७ मध्ये महाराष्ट्रासह सहा राज्यांतल्या तरुणांचा मोठा अभ्यास झाला होता. त्यात लग्नाआधी संबंध आल्याचं १५ टक्के मुलग्यांनी आणि ४ टक्के मुलींनी सांगितलं. मुली लपवतात, मुलगे फुगवतात, दोन्ही धरून चला. तरी वर्गात शिकवलं जात नव्हतं म्हणून कुणी थांबलं नव्हतं, एवढं त्यातून दिसतंच. शिकवा, मुलींबरोबर मुलग्यांनाही शिकवा. मुलींना हॉलमध्ये नेऊन पॅड वाटायचे आणि तेवढा वेळ मुलग्यांना मैदानावर सोडायचं, हे शिक्षण नव्हे.

---

प्रश्न : माझी मुलगी १४ वर्षांची आहे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची लस तिला आत्ताच द्यावी की लग्न ठरल्यावर? आणि ती मोठी होताना आई म्हणून मी आणखी काय करावं? (एक आई, पणजी)

उत्तर : लस आत्ताच. एचपीव्ही विषाणू शरीरसंबंधांतून पसरतो आणि लागण होण्याआधी दिलेली लस सर्वांत चांगली काम करते, म्हणूनच ती नऊ वर्षांपासून देतात. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या 'सर्वावॅक' या लशीला २०२२ मध्ये परवानगी मिळाली. ती ९ ते २६ वयासाठी आहे. लहान वयात डोस कमी लागतात. लस दिली की मुलीला मोकळीक दिल्यासारखं होईल, ही भीती सोडून द्या. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं म्हणून कुणी खिळ्यावर पाय देत नाही.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर थोडं अवघड आहे, कारण ते तुमच्याकडून काहीतरी मागतं. मुलीला स्त्रीरोगतज्ज्ञाकडे न्याल तेव्हा पहिली पाच मिनिटं बरोबर बसा, घरातले आजार आणि पाळीचा इतिहास सांगा, आणि मग "मी बाहेर थांबते, तुला काही विचारायचं असेल तर विचार" असं म्हणून उठा. डॉक्टरांनी सांगायची वाट बघू नका, आपणहून उठा. बाहेर आल्यावर "काय विचारलंस?" असं विचारू नका. तिनं काहीच विचारलेलं नसेल, चौदाव्या वर्षी बहुधा तसंच असेल. पण विसाव्या वर्षी खरंच काही झालं, तर ती एकटी कुठल्यातरी अनोळखी दवाखान्याच्या पायऱ्या चढण्याआधी तुम्हाला फोन करील.